विकलेल्या ओव्हनमधला पॉट पाय

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी घटाची पूजा आटोपून मी नुकतीच उठले होते. हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या, आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधली गोव्याची बाई, हातात फॉइलने झाकलेला मोठा ट्रे. आदल्या दिवशी नाताळ झाला होता. तिच्याकडे दरवर्षी अख्खी टर्की भाजतात, दरवर्षी ती उरते, आणि उरलेली आमच्याकडे येते. एरवी मी आनंदाने घेते. पण आमच्याकडे मार्गशीर्षात गुरुवार संपेपर्यंत घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि आज तर खुद्द लक्ष्मी पाटावर बसलेली. नको म्हणायला मी तोंड उघडलं, तर बाई म्हणाली, "इस बिल्डिंग में अपना आखरी नाताल, ना?" आणि डोळे पुसायला लागली. रडणाऱ्या बाईच्या हातात ट्रे परत कसा ठेवणार?

मी तो ट्रे दोन्ही हात लांब करून धरला आणि लेकीला हाक मारली. लेक घरूनच काम करत होती. तिने कानातले हेडफोन न काढता ट्रे घेतला, खालच्या दुकानातून बर्फाच्या पिशव्या आणल्या आणि टर्की आइसबॉक्समध्ये घालून बाल्कनीत ठेवली. शारजात अल मजाजच्या आमच्या बाल्कनीतून लगूनचं, म्हणजे आत शिरलेल्या खाडीचं, पाणी दिसतं. त्या पाण्यासाठी आम्ही इतकी वर्षं जास्तीचं भाडं भरलं, आणि आता समोर टर्की बसली. संध्याकाळी बायका आल्या, कुंकू लावून घेतलं, फळं घेतली, आणि आइसबॉक्सला वळसा घालून लगून बघून आल्या.

"सुटलीस गं बाई," सगळ्या म्हणत होत्या. "आम्हीपण, पुढच्या वर्षी खलास. कायमचं जायचं." मी हसले. इथल्या मराठी बायका हे वाक्य हळदीकुंकवाच्या वाणासारखं एकमेकींना देतात. कुणी जात नाही. मी जात होते.

नवरा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. तो निवृत्त झाला. नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि त्याच्या व्हिसावर मी. पुण्याचा फ्लॅट रंगवून तयार होता, जानेवारीची दोन तिकिटं काढलेली होती. लेकीचा प्रश्न नव्हता. ती जन्मली इथे, शिकली इथे, दुबईतल्या रास अल खोरला मालवाहतुकीच्या एका कंपनीत तिची नोकरी, तिचा स्वतःचा व्हिसा. दुबईत दोन मुलींबरोबर एक खोली तिने बघून ठेवली होती.

मला जायचं नव्हतं. आता हे सरळ लिहिता येतं, तेव्हा मनातल्या मनातही नीट म्हणता येत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की लेकीने एकदा म्हणावं, आई, तू राहा. मुलं आईवडिलांना आपल्या व्हिसावर ठेवून घेतात, आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन घरं तशी आहेत. मी आपण होऊन विचारणार नव्हते. लेकीच्या संसाराआधीच तिच्या गळ्यात पडायचं, हे मला जमणारं नाही. पण तिने म्हणावं, असं वाटायचं. आणि ती मला पुण्यातल्या योगाच्या क्लासचे पत्ते फोनवर पाठवत होती. सोबत अंगठा.

त्या सगळ्या महिन्यात मी एका जागी दहा मिनिटं बसले नसेन. घासलेली भांडी परत घासायची. बांधलेलं उघडायचं, उघडलेलं बांधायचं. फ्रिज उघडून उभं राहायचं आणि कशासाठी उघडला ते विसरून बंद करायचा. नवरा हातात चिकटपट्टीचं रीळ घेऊन घरभर फिरत होता आणि उभं राहील ते गुंडाळत होता. "तुझा वेग बघता जानेवारी कुठला, जुलै उजाडेल," असं तो मला म्हणायचा. त्याच्या उत्साहाचा मला इतका राग यायचा की मी उत्तरच देत नसे.

शुक्रवारी सकाळी लेकीने आइसबॉक्स उघडला. "आई, टुडे इज द डे. ओव्हन चारला जाणार. त्याच्या आधी मी पॉट पाय करते."

आमची कुकिंग रेंज, म्हणजे वर चार बर्नर आणि खाली ओव्हन, विकली गेली होती. ॲडव्हान्स घेतला होता, लोक चारला न्यायला येणार होते. उद्यापन झालेलं होतं, त्यामुळे पक्ष्याला आता घरात यायला हरकत नव्हती. पण पॉट पाय हे काय प्रकरण ते मला माहीत नव्हतं.

"म्हणजे उरलेल्या मांसाचं दाट कालवण भांड्यात भरायचं, वर मैद्याचं झाकण लावायचं आणि बेक करायचं," ती म्हणाली. "फ्रिज पण रिकामा होईल. सो एफिशियंट!"

एफिशियंट. तिच्या ऑफिसातला शब्द आता आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. मी टर्कीचा ट्रे पुढ्यात ओढला आणि हाडांवरचं मांस सोडवायला बसले. थंड टर्की अगदी हट्टी असते. कोंबडीसारखी सुटत नाही, दोरखंडासारखी उकलावी लागते. पण हाताला काम लागलं म्हणून मला बरं वाटलं. हाडं मी पाण्यात उकळायला टाकली, मिरी आणि आल्याचा तुकडा घालून. लेकीने गाजरं चिरली, फ्रीझरमधल्या मटारची शेवटची पिशवी ओतली.

मग तिने लोण्यावर मैदा परतला आणि दूध घालून ढवळायला लागली. मी वाकून बघितलं.

"हे तर पिठलं आहे. दुधातलं."

"आई, इट्स व्हाइट सॉस."

"असेल. गुठळ्या पिठल्यासारख्याच होतायत. दे इकडे." गुठळ्या मी मोडल्या. ती वळली तेव्हा दोन हिरव्या मिरच्या बारीक चिरून आत टाकल्या. तिला कळलं, तिने त्यावर गाजरं लोटली.

झाकणावरून मात्र जुंपली. तिच्या फोनवरच्या बाईच्या मते लोणी बर्फासारखं थंड हवं, पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मी म्हटलं, चिरोट्याला करतो तसा साटा लावते. तूप आणि तांदळाची पिठी फेसून तीन पोळ्यांच्या मध्ये लावायची, गुंडाळी करायची, पुन्हा लाटायचं. पदर सुटणारच. "दॅट्स नॉट हाऊ इट्स डन," लेक म्हणाली. मी म्हटलं, "तीस वर्षं दिवाळीला तू जे डबाभर संपवतेस, ते कसं डन होतं?" तिला तीस वर्षं झालेली नाहीत हे तिने लगेच दाखवून दिलं. शेवटी पीठ माझ्या हातात आलं.

पण लाटायला पोळपाट नव्हता. पोळपाट खोक्यात. केकचं खोलगट भांडंही खोक्यात. मी सुरी घेऊन हॉलमध्ये गेले आणि खोक्याची चिकटपट्टी कापली.

"अगं! तो खोका कालच बंद केला मी," नवरा ओरडला.

"माझा पोळपाट आहे त्यात."

"पुण्याला गेल्यावर काढ की."

"मला आत्ता हवाय."

मी हे इतक्या जोरात म्हटलं की लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली. नवऱ्याने तिच्याकडे बघून खांदे उडवले, म्हणजे आईचं हे असंच चालायचं, जाईपर्यंत सोसू. त्या दोघांचं हे डोळ्यांनी बोलणं मला ओळखीचं होतं. ती लहान असताना मी आजारी पडले की दोघं असंच बघायचे. मी पोळपाट काढला, भांडं काढलं आणि आत जाऊन लाटायला लागले. पोळ्या पातळ हव्या होत्या, त्या मी रागाने अधिकच पातळ लाटल्या.

भांड्यात कालवण, वर साट्याचं झाकण, कडा मुडपून दाबलेल्या, मधे वाफेला चिरा. पाऊण तासाचं काम होतं. तीन वाजून गेले होते. बसेल वेळात, असं म्हणून भांडं आत सारलं आणि मी गॅसच्या पाइपवरचं तेल पुसायला घेतलं. विकलेली वस्तू चकचकीत द्यावी. आणि सव्वातीनला बेल वाजली.

दारात लखनौकडचं एक तरुण जोडपं होतं. मागे पिकअपवाला पठाण, त्याच्या खांद्यावर दोरखंड. "आंटी, पिकअप जल्दी मिल गया," मुलगी ओशाळून म्हणाली. तिचा नवरा तिच्यापेक्षा ओशाळलेला. पठाण मात्र ओशाळण्यातला नव्हता. "यल्ला, जल्दी, मैडम, गाड़ी नीचे रोड पे खड़ी है. फाइन लगेगा."

"ओव्हनमध्ये पदार्थ आहे," मी म्हटलं आणि मग हिंदीत सांगितलं. "आधा घंटा बैठो. गरम ओव्हन उठाओगे क्या?"

पठाण काहीतरी पुटपुटत गाडी हलवायला खाली गेला. जोडपं हॉलमध्ये खोक्यांवर बसलं, कारण सोफा आदल्या आठवड्यातच गेला होता. नवऱ्याने त्यांना पाणी दिलं. मुलगी मात्र बसेना. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि ओव्हनच्या काचेतून आत बघायला लागली. झाकण फुगत होतं. साट्याचे पदर एकेक करून वर येत होते, आणि लेक फोन धरून व्हिडिओ काढत होती.

"आंटी, ये ठीक से चलता है ना?" मुलीने विचारलं.

मग मला जे बोलणं सुटलं ते थांबेना. डावीकडचा पुढचा बर्नर पटकन पेटत नाही, त्याला काडी लावायची, लायटर नाही. ओव्हन मागच्या बाजूने जास्त तापतो, केक अर्धा झाला की भांडं फिरवायचं. दार जोरात लावायचं नाही, बिजागरी दुखावते. नानकटाईला वरचा कप्पा. खालच्या खणात पापड ठेव, कुरकुरीत राहतात. मुलगी मान डोलावत होती. मी दार धरून उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की मी ते सोडतच नाहीये.

ती हसली. चांगली मुलगी होती, चांगल्या मनाने म्हणाली, "आप तो बहुत ख़ुश होंगी, आंटी. आख़िर अपने घर जा रही हैं."

"नहीं," मी म्हटलं. "मैं ख़ुश नहीं हूँ. मुझे नहीं जाना."

असं काही बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं. घरच्यांना जे महिनोन् महिने सांगता आलं नाही, ते मी एका अनोळखी मुलीला सांगून टाकलं, तेही हिंदीत. हिंदीत ते सोपं होतं. तिथे माझं मागचंपुढचं काही नव्हतं.

लेकीने फोन खाली केला. "आई, व्हॉट डिड यू से?"

"काही नाही. भांडं फिरव, मागून करपेल."

"नो. परत बोल."

"मला नाही जायचं," मी मराठीत म्हटलं.

हॉलमधला चिकटपट्टीचा आवाज थांबला. नवरा दारात आला. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, पण या वेळी खांदे उडवले नाहीत. लेकीचा चेहरा लाल झाला. ती रागावली की मराठीवर येते, आणि तिचं मराठी माझ्यासारखंच आहे, धारदार.

"मग इतके दिवस तोंड का शिवलं होतंस? मी ऑक्टोबरमध्ये ऑफिसात विचारून आले होते. तुम्हाला स्पॉन्सर करता येतं मला, घर थोडं मोठं घ्यावं लागेल फक्त. बाबांना सांगितलं, तर बाबा म्हणाले, तिला विचारूच नकोस. ती तीस वर्षं याच दिवसाची वाट बघतेय, तुझ्यासाठी उगाच अडकून पडेल."

मी नवऱ्याकडे वळले. "मी कधी म्हटलं, मी वाट बघतेय?"

"कधी?" त्याचा आवाज चढला. "दर वर्षी! दर हळदीकुंकवाला! पुढच्या वर्षी खलास, या वाळवंटात आता एक दिवस राहणार नाही. लेक दहावी झाली की जायचं, बारावी झाली की जायचं. मी आतल्या खोलीत बसून ऐकत आलोय."

"अहो, ते सगळ्याच म्हणतात!"

"मला काय माहीत सगळ्या खोटंच म्हणतात ते? मला वाटायचं, माझ्या नोकरीपायी ही इथे सडतेय."

खोटं म्हणावं तर तेही खरं नव्हतं. म्हणताना दरवेळी ते थोडं खरं असायचं. गावाकडचं कुणी गेल्याचा फोन आला की जास्त खरं असायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन ताज्या खुबूस रोट्या आणायचे, लगूनला फेरी मारायचे, आणि आपण आपल्याच गावात फिरतोय अशी फिरायचे. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तक्रार करायची रीत आहे, सुख सांगायची नाही.

लखनौची मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. आमचं मराठी तिला कळत नव्हतं, पण भांडण कळत होतं. "आंटी," ती हळूच म्हणाली, "वो जल रहा है शायद."

करपलं नव्हतं, पण थोडक्यात वाचलं होतं. लेकीने भांडं बाहेर काढलं. मागची कड काळी, बाकी झाकण सोनेरी आणि पदरापदरांचं. ओव्हन निवेपर्यंत तो उचलता येणार नव्हता, म्हणून मी सगळ्यांना वाढलं. पठाणही वर आला होता. ताटल्या खोक्यात होत्या, कागदी बशांतच दिलं. तो उभ्याने खाऊन म्हणाला, "मैडम, मिर्ची थोड़ा कम है." लेक फस्सकन हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना तुपाचा वास येत होता.

"तू राहा ना, आई," ती माझ्या खांद्यात म्हणाली. "मी त्या खोलीवाल्या मुलींना नाही म्हणून सांगते. आपण वन बेडरूम घेऊ."

हेच मला हवं होतं. मी हो म्हटलं. एका क्षणाचाही विचार केला नाही.

पठाणाने आणि त्या मुलाने रेंज दोरखंडाने बांधून नेली. दिलेला शब्द मोडायचा नव्हता, त्यामुळे तिला जावंच लागलं. ओट्याशेजारी एक चौकोनी, धुळकट जागा उरली. मी झाडू आणायला वळले, तर नवरा हॉलमध्ये खोक्यावर बसलेला दिसला. त्याच्या बशीतलं तसंच होतं.

"तुम्हीपण राहा की," मी म्हटलं. "दोघांनाही ठेवता येतं, म्हणतेय ती."

त्याने बशी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मला जायचंय गं. सकाळी सगळी बिल्डिंग कामाला जाते आणि मी लिफ्टपाशी उभा राहतो. इथे काम नसलेल्या माणसाने कुठे जायचं ते मला माहीत नाही. तिकडे भाऊ आहे, शाळेतले दोघंतिघं आहेत. मला खरंच जायचंय. तुझ्यासाठी म्हणून नव्हतं ते."

मी त्याच्या शेजारच्या खोक्यावर बसले. इतके महिने मी त्याच्या उत्साहावर जळत होते आणि मलाही जायचंय असं मानून तो खूश होता. आता दोघांचं उघड्यावर आलं होतं आणि एकीकडून लेक, दुसरीकडून तो मला ओढत होते. मला वाटलं होतं, लेकीने विचारलं की माझी घालमेल संपेल. ती तर आत्ता सुरू झाली. मी त्याला म्हणू शकले असते, बरं, येते मी तुमच्याबरोबर. बहुतेक बायका म्हणाल्या असत्या. मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "मला थोडे महिने इथे राहू द्या." तो "राहा" म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

ते थोडे महिने अजून संपलेले नाहीत. त्याचं विचारणं नाही, माझं सांगणं नाही.

त्या जानेवारीत आम्ही दोघी त्याला सोडायला शारजाच्या विमानतळावर गेलो. त्याच्याबरोबर दोघांच्या वजनाचं सामान, माझ्याच खोक्यांतलं निम्मं. प्रवाशांशिवाय कुणाला पुढे सोडत नव्हते. तो आमच्याकडे न बघता रांगेत शिरला, पासपोर्ट दाखवला, चार पावलं पुढे गेला आणि परत फिरला. दोरीच्या पलीकडून त्याने काहीतरी विचारलं. गर्दीत ऐकू येईना. मी हातानेच विचारलं, काय? तेव्हा त्याने आपलं बोट उभं धरलं आणि अंगठा पहिल्या पेरावर टेकवला. भातात पाणी एवढंच ना?

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने कधी भात लावला नव्हता. मी मान हलवली, हो, एवढंच. त्याने ते बोट तसंच धरून ठेवलं, विसरू नये म्हणून, आणि तो आत गेला. लेक माझा हात धरून मला पार्किंगकडे घेऊन निघाली, आणि मी भर विमानतळावर मोठ्याने रडत होते.